ल्युसर्न, साडेतीन दिवस: टिटलिस की पिलाटुस? (आणि पास कुठला?)

वेंधळी_भटकी
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ल्युसर्नला जायचं आहे. गुरुवारी दुपारी १ ला झुरिक विमानतळ, रविवारी रात्री ९ ची परतीची फ्लाइट. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा, सासू-सासरे (वय ६८ आणि ७३, सासऱ्यांना बीपीची गोळी चालू, सासूबाईंचे गुडघे कुरकुरणारे). मुक्काम स्टेशनजवळ.

आत्ताचा प्लॅन असा: गुरुवार शहर, शुक्रवार टिटलिस, शनिवार पिलाटुस, रविवार सकाळी रिगी करून थेट विमानतळ. सगळ्यांना चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास (ट्रेन, बस, बोट सगळ्याला चालणारा).

काय चुकतंय?

दगडफूल
तीन दिवसांत तीन डोंगर. डोंगर दमणार नाहीत, सासूबाईंचे गुडघे दमतील.

घाटवाट
पहिली चूक पासची. स्विस ट्रॅव्हल पासवर रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस पूर्ण माफ आहेत, पण टिटलिस आणि पिलाटुसवर फक्त अर्धी सवलत. ती अर्धी सवलत हाफ फेअर कार्डावरही (तिकिटं अर्ध्या दरात देणारं कार्ड) मिळते. म्हणजे तुमच्या यादीतल्या दोन सर्वांत महागड्या डोंगरांसाठी पासचे जास्तीचे पैसे काहीही आणून देत नाहीत.

हिशोब कागदावर मांडून बघा. टिटलिस (पायथ्याच्या एंगेलबर्ग गावापासून) आणि पिलाटुसची गोल फेरी (एका बाजूने चढून दुसरीकडे उतरणं), दोन्हीचं पूर्ण तिकीट माणशी शंभर फ्रँकच्या आसपास. त्यात विमानतळ ते ल्युसर्न जा-ये आणि ल्युसर्न ते एंगेलबर्ग जा-ये मिळवा. एवढं सगळं खरंच करणार असाल तर हाफ फेअर वसूल होऊ शकतं. एकच मोठा डोंगर करणार असाल तर तेही वसूल होईलच असं नाही. हा हिशोब प्रत्येक माणसाचा वेगळा करायचा, कुटुंबाचा एकत्र नाही. सासू-सासरे टिटलिसला येणार नसतील तर त्यांचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं निघेल.

मुलासाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट असतं. आई किंवा वडिलांकडे पास किंवा हाफ फेअर असेल आणि ते सोबत असतील तर ६ ते १५ वर्षांच्या मुलाला तिकीट लागत नाही. एकट्या आजी-आजोबांबरोबर तो गेला तर मात्र हे कार्ड चालत नाही. ही अट बऱ्याच जणांना तिकीट तपासनीस आल्यावर कळते.

कोरडा_पाऊस
घाटवाट, टेल-पास विसरलात. ल्युसर्न परिसराचा तो पास घेतला की टिटलिस, पिलाटुस, रिगी, श्टान्सरहॉर्न, श्टोस आणि तलावातल्या बोटी सगळं आलं. २, ३, ४, ५ किंवा १० दिवसांचा मिळतो. तीन डोंगर करायचेच असतील तर यासारखं स्वस्त काही नाही.

घाटवाट
विसरलो नाही, मुद्दाम बाजूला ठेवला. टेल-पासचे दिवस सलग असतात. शुक्रवार-शनिवार पाऊस लागला तर पास जळतो. हाफ फेअर महिनाभर चालतं आणि ज्या दिवशी ऊन त्या दिवशी तिकीट काढता येतं. शिवाय झुरिक ते ल्युसर्न प्रवास टेल-पासमध्ये येत नाही, तो वेगळा.

कोरडा_पाऊस
हवामान दोन दिवस आधी कळतं. आदल्या रात्री टेल-पास घेता येतो, महिनाभर आधी घ्यायची सक्ती कुठे आहे? तीनही दिवस ऊन दिसलं तर घ्या, नाही तर नका घेऊ.

घाटवाट
हे मान्य. आदल्या रात्री घेण्याच्या अटीवर टेल-पासला माझी हरकत नाही.

दगडफूल
पहिल्याच पानावर दोघांचं एकमत! हा मराठी धागाच आहे ना?

पोपटी_रेनकोट
ऑक्टोबर म्हणजे धुकं. टिटलिस विसरा, शंभर फ्रँक देऊन पांढरी भिंत बघाल. शहरात राहा, बोट करा.

हिमगौरी
पोपटी, हे नेमकं उलटं आहे. मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच असल्याने सविस्तर लिहिते.

शरद आणि हिवाळ्यात रात्री थंड, जड हवा सपाटीवर आणि तलावावर साचून बसते. वर गरम हवेचं झाकण असतं. थंड हवेतल्या बाष्पाचा ढग होतो आणि तो झाकणाखाली अडकतो. याला तिथे होखनेबेल म्हणतात, म्हणजे उंच धुकं. त्याची वरची पातळी बहुतेक वेळा ८०० ते १२०० मीटरच्या दरम्यान असते. ल्युसर्न आहे ४३५ मीटरवर, म्हणजे शहर त्या राखाडी झाकणाखाली. रिगी कुल्म १७९८, पिलाटुस २१०० च्या वर, टिटलिसचं स्टेशन ३०२० मीटर. हे सगळे झाकणाच्या वर, कडक उन्हात, आणि खाली धुक्याचा समुद्र. खिडकीतून राखाडी आकाश बघून 'आज नको' म्हणणारा माणूस वर्षातला सर्वांत सुंदर दिवस हॉटेलात काढतो.

पांढरी भिंत दिसते ती वेगळ्या दिवशी. पश्चिमेकडून पावसाचे ढग येतात तेव्हा शिखरंच ढगात असतात आणि तेव्हा वर जाण्यात अर्थ नाही. दोन्ही दिवशी खालून आकाश सारखंच दिसतं, म्हणून खालून ठरवायचं नाही. सकाळी साडेसातला (त्या आठवड्यात उजाडतंच तेव्हा) रिगी, पिलाटुस आणि टिटलिसचे वेबकॅम उघडायचे. खाली धुकं आणि वर निळं आकाश असेल तर निघायचं. वरच्या कॅमेऱ्यातही पांढरं असेल तर वाहतूक संग्रहालय.

अजून एक खूण म्हणजे तापमान. उंचीबरोबर ते दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश उतरायला हवं. रिगीवर ल्युसर्नइतकंच किंवा जास्त तापमान दिसलं तर झाकण लागलेलं आहे, डोळे मिटून वर जा.

पोपटी_रेनकोट
बरं, माझा रेनकोट घडी करून ठेवला. पण मग फॉनचं काय? त्यात तर सगळं बंद होतं.

हिमगौरी
हो, तो तिसरा प्रकार. फॉन म्हणजे आल्प्स ओलांडून दक्षिणेकडून येणारा गरम, कोरडा वारा. हवा इतकी स्वच्छ होते की लांबचे डोंगर हाताशी आल्यासारखे वाटतात आणि नेमका त्याच दिवशी पाळणा (केबल कार) वाऱ्यामुळे बंद असतो. बोटीही रद्द होतात. म्हणून वेबकॅममध्ये लख्ख ऊन दिसलं तरी कंपनीच्या पानावर 'चालू/बंद' ची पाटी बघायची. अशा दिवशी रुळांवरचे डोंगर बरे. रिगीची रेल्वे आणि पिलाटुसची दातेरी रेल्वे पाळण्यापेक्षा जास्त वारा सोसतात.

सुपारी_कातरणारा
वेंधळी ताई, यावरून एवढंच ठरतं की वार आणि डोंगर यांची लग्नं आधी लावू नका. शुक्रवार टिटलिस, शनिवार पिलाटुस असं लिहून ठेवायचं नाही. 'एक उंच डोंगर, एक बुटका डोंगर, एक शहर-संग्रहालय' असे तीन पत्ते हातात ठेवा आणि रोज सकाळी एक टाका. तारीख घातलेली डोंगराची तिकिटं घरून काढू नका. ऑक्टोबरमध्ये ती संपत नाहीत.

वेंधळी_भटकी
सगळ्यांना धन्यवाद, डोक्यात बराच उजेड पडला. टिटलिस सासऱ्यांना झेपेल का? आणि पिलाटुस चढताना बोट-रेल्वेने आणि उतरताना पाळण्याने करतात, ते उलटं केलं तर चालतं का?

हिमगौरी
३०२० मीटर ही काही फार मोठी उंची नाही, पण एंगेलबर्गच्या हजार मीटरवरून तुम्ही अर्ध्या-पाऊण तासात तिथे पोचता. शरीराला सवय व्हायला वेळ मिळत नाही. धाप लागणं, डोकं जड होणं हे नेहमीचं. बीपी गोळीने ताब्यात असेल तर सहसा अडचण येत नाही, पण हृदयाचा त्रास किंवा दम लागण्याची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सासऱ्यांनी उंची आणि किती वेळात चढणार हे दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगायचे, नुसतं 'स्वित्झर्लंडला चाललोय' नाही. वर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं बसून चहा-कॉफी, जिने नंतर.

मधला ट्रुपसे थांबा १८०० मीटरवर आहे. तिथे सपाट वाटेने तलावाभोवती फिरता येतं. ज्यांना वर जायचं नाही त्यांनी तिथेच थांबावं, तिकीटही तेवढंच काढावं.

घाटवाट
टिटलिसबद्दल भर: एंगेलबर्ग स्टेशन ते पाळण्याचं स्टेशन चालत दहा मिनिटं. ल्युसर्नहून ट्रेन तासाला एक, पाऊण तासाचा प्रवास. एक चुकली तर तास गेला, हे धरूनच निघा. वर झुलता पूल (क्लिफ वॉक, २०१२ पासून, शंभर मीटर लांब, एक मीटर रुंद) आणि हिमनदीतली गुहा तिकिटातच आहेत. गुहेत पायाखाली ओला बर्फ असतो, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. शिखरावर मोठं बांधकाम सुरू आहे, तेव्हा काय चालू आणि काय बंद हे निघायच्या आठवड्यात बघा. नोव्हेंबरात देखभालीसाठी काही दिवस सगळंच बंद ठेवतात, तुम्ही त्याआधी आहात.

पिलाटुस उलटं करता येतं, तिकीट तेच. पण सरळच करा. दुपारी चारनंतर सगळ्यांना खाली यायचं असतं, आणि दातेरी रेल्वेच्या डब्यात जागा मोजक्या. वरच्या टप्प्यात मोठा पाळणा ये-जा करतो, खालच्या टप्प्यात छोटे पाळणे सतत फिरत असतात, रांग लवकर सरकते. म्हणून चढताना रेल्वे (सकाळची वेळ आरक्षित करून), उतरताना पाळणा. उतरलात की क्रीन्स. तिथून बसच्या थांब्यापर्यंत आठ-दहा मिनिटं उताराने चालायचं, मग १ नंबरची बस ल्युसर्न स्टेशनला.

दातेरी रेल्वे जिथून सुटते त्या आल्पनाखश्टाडपर्यंत बोटीला दीड तास लागतो, ट्रेनला वीस मिनिटं. लहान मूल आणि ज्येष्ठ असतील तर ट्रेन घ्या, बोटीची हौस रिगीच्या दिवशी भागवा.

कोरडा_पाऊस
पिलाटुसची रेल्वे चढून जायची असेल तर रुळ नीट बघा. १८८९ सालची, सर्वाधिक चढ ४८ टक्के, जगातली सर्वांत तीव्र चढाची दातेरी रेल्वे. नेहमीच्या दातेरी रेल्वेत चाकाचे दात वरून पट्टीत बसतात. इतक्या चढावर ते दात पट्टीवर चढून गाडी निसटण्याचा धोका होता. म्हणून एडुआर्ड लोखर या अभियंत्याने पट्टीला दोन्ही बाजूंना आडवे दात दिले आणि दोन आडवी चाकं दोन्हीकडून तिला चिमटीत धरतात. चिमटा वर उचलला जाऊच शकत नाही. सात वर्षांच्या मुलाला हे फलाटावर दाखवा, वरच्या देखाव्यापेक्षा हेच जास्त आवडेल.

दगडफूल
सत्तर वर्षांच्या मुलालाही.

सायसाखर
खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ज्येष्ठ शाकाहारी असतील तर पाकिटावरचे काही शब्द पाठ करून घ्या: श्वाइन म्हणजे डुक्कर, रिंड म्हणजे गोमांस, पुले म्हणजे कोंबडी, श्पेक म्हणजे बेकन. हा श्पेक सूप, बटाटे, सॅलड कुठेही डोकावतो. गेलाटिने (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असेल तर ती चघळायची गोळी किंवा दही बाजूला ठेवा. पक्के शाकाहारी असतील तर चीजमध्ये 'लाब' बघा, ते वासराच्या पोटातलं विरजण.

घरून नेताना एक लक्षात ठेवा, युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये न्यायला बंदी आहे. चिवडा, चकली, ठेपले चालतील. पेढे, बर्फी, खव्याचं काही नको. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पितात, पिण्यायोग्य नसेल तिथे तशी पाटी असते.

सुपारी_कातरणारा
म्हणजे कस्टमवाल्याला पेढा देऊन सुटायचा मार्गही बंद.

पोपटी_रेनकोट
चीजवरून आठवलं, फोंड्यू की राक्लेट?

सायसाखर
राक्लेट. फोंड्यूत बहुतेक ठिकाणी वाइन असते, मुलासाठी आणि ज्येष्ठांसाठी आधी विचारावं लागतं. बाकी वेगळा धागा काढा, इथे डोंगर चाललेत.

ओसरी
शहराबद्दल दोन शब्द. गुरुवारी विमान १ ला उतरलं, सामान, इमिग्रेशन धरून अडीचची ट्रेन मिळते. विमानतळाखालूनच ल्युसर्नची थेट गाडी आहे, सव्वा तासाच्या आत. सुपरसेव्हर (सवलतीचं) तिकीट या प्रवासाला काढू नका, ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला तर गेलं. परतीच्या गाडीला काढायला हरकत नाही. आणि गाडी सुटायच्या आधी तिकीट हातात किंवा ॲपमध्ये हवं, डब्यात बसून काढलेलं धरत नाहीत.

चारला हॉटेल, सूर्यास्त सातच्या सुमारास. तेवढ्यात कापेलब्रुके (लाकडी पूल, १९९३ च्या आगीत बराच जळला, पुढच्या वर्षी पुन्हा बांधून खुला केला), नदीकाठाने श्प्रॉयरब्रुके (दुसरा लाकडी पूल), जुनं गाव. सगळं सपाट, सासूबाईंना चालेल. श्प्रॉयरब्रुकेच्या छताखाली मृत्यूच्या नाचाची सतराव्या शतकातली चित्रं आहेत. लोक पहिल्या पुलाचे फोटो काढून परततात आणि ही चित्रं राहतात.

मुझेग तटबंदीला नऊ बुरूज. त्यातले काही एप्रिल ते ऑक्टोबरअखेर उघडे असतात, पण आत अरुंद, उंच लाकडी जिने. ज्येष्ठांनी खाली थांबावं. त्सिट बुरुजावरच्या १५३५ च्या घड्याळाला गावातल्या इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके देण्याचा मान आहे. तासाला एक मिनिट कमी असताना खाली उभे राहा.

हॉटेलात नोंदणी झाली की पाहुण्यांचं कार्ड मागा. त्यावर मुक्काम असेपर्यंत शहरातल्या (झोन १०) बस-ट्रेन फुकट. हे कार्ड असताना शहरासाठी वेगळं तिकीट किंवा पास घेणं म्हणजे पैसे तलावात टाकणं.

वेंधळी_भटकी
सुधारित प्लॅन:
गुरुवार: शहर, ओसरी यांच्या वाटेने.
शुक्रवार आणि शनिवार: सकाळी वेबकॅम बघून. एक दिवस पिलाटुस (सगळे), एक दिवस टिटलिस (आम्ही तिघं, ज्येष्ठ ट्रुपसेपर्यंत). हवा खराब असेल तर वाहतूक संग्रहालय.
रविवार: रिगी, तिथून विमानतळ, जाताना चॉकलेट खरेदी.
कार्ड: चौघांना हाफ फेअर, मुलाला फॅमिली कार्ड.

घाटवाट
ज्येष्ठ ट्रुपसेपर्यंतच जाणार असतील तर त्यांचं हाफ फेअर वसूल होईलच असं नाही. त्यांची सुटी तिकिटं बेरीज करून बघा. बाकी ठीक.

ओसरी
रविवारी चॉकलेट नाही. दुकानं बंद असतात, शनिवारीही संध्याकाळी लवकर आवरतात. रविवारी स्टेशनातली आणि विमानतळावरची दुकानं उघडी, तिथे निवड कमी. शुक्रवारी उरका.

कोरडा_पाऊस
रविवारी रिगीला माझा विरोध. परतीच्या दिवशी डोंगर म्हणजे वारा, बोट आणि ट्रेन या तिघांवर विमान टांगणं.

हिमगौरी
टिटलिस असतं तर मीही नको म्हटलं असतं. रिगीला उतरायला दोन बाजू आहेत, एक बंद पडली तर दुसरी. सामान ल्युसर्न स्टेशनच्या लॉकरमध्ये. नऊच्या सुमाराची बोट, फिट्सनाऊपर्यंत तासभर, मग दातेरी रेल्वे अर्धा तास. चढताना डावीकडे बसा, तलाव त्या बाजूला. ही १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगर-रेल्वे. दीड-दोनपर्यंत वर, उतरताना आर्थ-गोल्डाऊच्या बाजूने, तिथून ल्युसर्नची ट्रेन अर्धा तास. चारला सामान हातात. नऊच्या विमानाला सहाला विमानतळ, ल्युसर्नहून सव्वाचारची गाडी धरली तरी वेळ उरतो.

फक्त वेग्गिसला उतरून तिथल्या पाळण्याने जाऊ नका. धक्क्यापासून पाळण्याचं स्टेशन पंधरा मिनिटं चढावर आहे, नेमकी गुडघ्यांची परीक्षा.

कोरडा_पाऊस
सकाळी पाऊस असेल तर?

हिमगौरी
तर रिगी रद्द आणि वाहतूक संग्रहालय रविवारी. ते रविवारीही उघडं असतं, स्टेशनहून बसने दहा मिनिटं, मुलाला अर्धा दिवस कमी पडेल.

सुपारी_कातरणारा
कपड्यांचं राहिलं. ल्युसर्नला १६ अंश असेल तर टिटलिसवर साधारण शून्य, पिलाटुसवर सहा. वारा सुटला तर अंगाला त्याहून कमी. एक जाड स्वेटर नको, तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं. सुती बनियन घामाने ओला झाला की थंडीत वाळत नाही. पाचही जणांना गॉगल, नुसता फोटोसाठी नाही, बर्फावरून ऊन डोळ्यांत येतं. मुलाला हातमोज्यांचे दोन जोड, पहिला दहा मिनिटांत भिजणार.

पोपटी_रेनकोट
पिलाटुसच्या परतीत फ्रेकमुंटएगला (पाळण्याचा मधला थांबा) घसरगाडी आहे ना?

घाटवाट
आहे, १३५० मीटरची. मार्ग ओला असेल तर बंद ठेवतात, म्हणून दव वाळल्यावर दुपारी. मुलाला मोठ्या माणसाबरोबर बसवा. तिचं तिकीट वेगळं, हाफ फेअरच्या भरवशावर राहू नका.

वेंधळी_भटकी
ज्येष्ठांची बेरीज केली. हाफ फेअर खरंच वसूल होत नाही, सुटी तिकिटं काढतोय. सासूबाई विचारत आहेत, ट्रुपसेला बसायला बाक आहेत का?

हिमगौरी
आहेत, तलावाच्या काठाने. पण बाक ओले असतात, बसायला एखादं जाड प्लॅस्टिक किंवा वर्तमानपत्र पिशवीत ठेवा.